मूल स्काऊट ट्रूपमध्ये गेलं, आता कमिटीत जाऊन आपण नक्की करायचं काय?

इकडे अमेरिकेत आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं पाचवी संपता संपता कब स्काऊट पॅकमधून (लहान मुलांचा स्काऊट गट) ट्रूपमध्ये (मोठ्या मुलांचा गट) जातात, आणि मूल गेलं रे गेलं की ट्रूपच्या मागचं काम बघणाऱ्या मोठ्यांच्या कमिटीच्या चेअरचा ईमेल येतो, कमिटीत माणसं हवीत, कोण येतंय. यावर आपल्या लोकांची रिॲक्शन साधारण दोन प्रकारची. एक म्हणजे "मला तंबू ठोकता येत नाही, मी काय करणार तिथे" म्हणून ईमेल वाचलाच नाही असं दाखवायचं. दुसरी म्हणजे लगेच नाव द्यायचं आणि महिन्याभरात स्प्रेडशीट, साइनअप, मेन्यू, टीशर्टचा रंग सगळं आपणच ठरवायला लागायचं. पहिल्या प्रकारच्यांना एवढंच सांगतो की कमिटीत तंबू ठोकायचा नसतो, तेव्हा नाव द्या. हे सगळं लिहितोय ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्यांसाठी, कारण कमिटीचं काम करणं अवघड नाहीये, मुलांचं काम आपण न करणं हे जास्त अवघड आहे.

आधी कोण कोणाचा कोण ते बघा

ट्रूप म्हणजे चार पालकांनी काढलेला क्लब नाही. प्रत्येक ट्रूपमागे एक चार्टर्ड ऑर्गनायझेशन असते, बहुतेक वेळा चर्च, नाहीतर रोटरी किंवा लायन्स क्लब, शाळेची पालक संघटना, माजी सैनिकांच्या संघटनेची शाखा, काही ठिकाणी आपलं देऊळही. कागदोपत्री ट्रूप त्यांचा असतो, जागा बऱ्याचदा त्यांची असते आणि लीडर कोण असावेत यावर शेवटची सही त्यांची असते. त्यांच्या वतीने जो माणूस असतो त्याला सगळे सीओआर (चार्टर्ड ऑर्गनायझेशन रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणतात. तो सीओआर, स्काऊटमास्टर (मुलांबरोबर काम करणारा मुख्य मोठा लीडर) आणि कमिटी चेअर या तिघांना मिळून की थ्री. कमिटीत चेअर धरून निदान ३ माणसं लागतात आणि सगळी निदान २१ वर्षांची. एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते, ती म्हणजे स्काऊटमास्टर कमिटीचा मेंबर नसतो. तो मीटिंगला येतो, काय चाललंय ते सांगतो, त्याला काय हवंय ते मागतो, पण मत देत नाही.

हे झालं मोठ्यांचं. ट्रूप चालवायचा असतो मुलांनी. मुलं आपल्यातलाच एक सिनियर पॅट्रोल लीडर निवडतात, प्रत्येक पॅट्रोलचा (ट्रूपमधल्या छोट्या टोळीचा) एक लीडर असतो, ही मंडळी एकत्र बसतात त्याला पीएलसी (पॅट्रोल लीडर्स काउन्सिल) म्हणतात. पुढच्या महिन्यात कॅम्पिंगला कुठे जायचं, सोमवारच्या मीटिंगला काय शिकवायचं, कुठला खेळ घ्यायचा हे पीएलसी ठरवते. स्काऊटमास्टर त्यांना शिकवतो, मध्येमध्ये कान पिळतो. आणि त्यांनी ठरवलेलं प्रत्यक्षात घडावं म्हणून पैसे, परवानग्या, गाड्या, कागद आणि पुरेशी मोठी माणसं उभी करायची ती कमिटीने. म्हणजे कॅम्पिंग डोंगरात करायचं का समुद्रावर हा विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये आलाच तर समजायचं की गाडी रुळावरून घसरली आहे, विषय फक्त एवढाच यायला पाहिजे की मुलांनी समुद्र म्हटलंय तर साइट कोण बुक करतंय आणि किती गाड्या लागतील.

महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीत काम केलेल्यांना इथे सगळ्यात जास्त त्रास होतो, हे मी मंडळवाला म्हणूनच सांगतोय. मंडळात कमिटी म्हणजे सगळंच, हॉल बघण्यापासून मोदक मोजण्यापर्यंत, आणि कार्यक्रम चांगला झाला पाहिजे हे एकच ध्येय. ट्रूपमध्ये कार्यक्रम थोडा वाईट झाला तरी चालतो. बारा वर्षांच्या मुलाने प्लॅन केलेला खेळ फसला, पॅट्रोलने सामान आणताना मीठ आणि तेल दोन्ही विसरलं, तर ते शिकणंच आहे आणि त्यासाठीच तर पाठवलंय. कमिटीने आड यायचं ते तीनच बाबतीत, सुरक्षा, पैसा आणि चार्टर्ड ऑर्गनायझेशनचे नियम. बाकी ठिकाणी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं.

नाव कसं द्यायचं

फार काही नाही. ॲडल्ट ॲप्लिकेशन भरायचं, बॅकग्राउंड चेकला संमती द्यायची, यूथ प्रोटेक्शनचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग (आता त्याचं नाव सेफगार्डिंग यूथ ट्रेनिंग) ऑनलाइन करायचं, फी भरायची. फी काही ट्रूप स्वतः भरतात, विचारून घ्या. सिटिझन नसलात तरी चालतं, इथे राहत असलात आणि स्काऊट ओथ आणि लॉ (स्काऊटची शपथ आणि नियम) पाळायला तयार असलात तर झालं, त्यामुळे व्हिसावर आहोत म्हणून लांब राहायची गरज नाही. ट्रेनिंगची मुदत असते, ती संपू द्यायची नाही, फोनमध्ये रिमाइंडर टाका, कारण मुदत संपलेला माणूस ऐन कॅम्पिंगच्या आदल्या रात्री सापडला की दोन मोठी माणसं हवीत त्यातलं एक कमी होतं आणि सगळं कॅन्सल करायची वेळ येते.

यूथ प्रोटेक्शनचे नियम बघून आपले काही लोक वैतागतात की एवढं काय, आम्ही काय चोर आहोत का. मागचं थोडं माहीत असलं की वैताग जातो. हे सगळे ट्रूप ज्या राष्ट्रीय संस्थेखाली चालतात ती संस्था ८ फेब्रुवारी १९१० ला बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका म्हणून सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिला दिवाळखोरीत जावं लागलं ते मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे. दावे ८२ हजारांच्या वर होते आणि नुकसानभरपाईचा फंड २.४६ अब्ज डॉलरचा ठरला. आता २०२५ पासून नाव स्काऊटिंग अमेरिका आहे. तेव्हा प्रत्येक ॲक्टिव्हिटीला निदान दोन रजिस्टर्ड मोठी माणसं, कुठल्याही मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, मुलाला मेसेज किंवा ईमेल करताना दुसरा मोठा माणूस त्यात असलाच पाहिजे, यातला एकही नियम उगीच आलेला नाही. घरी सोडतानाही तेच, गाडीत तुम्ही आणि दुसऱ्याचं एकच मूल असं नको. मीटिंग संपल्यावर एखाद्या मुलाला घ्यायला उशिरा आले तर एकाने थांबायचं नाही, दोघांनी थांबायचं, कितीही घाई असली तरी.

अजून दोन गोष्टी पालकांना धक्का देतात. १ सप्टेंबर २०२३ पासून ट्रूपबरोबर रात्र काढणारा प्रत्येक मोठा माणूस रजिस्टर्ड हवा, त्यामुळे "मी नुसता बघायला येतो, शनिवारी रात्री राहतो" हे चालत नाही. आणि ट्रूपमध्ये आई किंवा बाबा आपल्या मुलाच्या तंबूत झोपू शकत नाहीत, कबमध्ये चालायचं, इथे नाही. एका तंबूत राहणाऱ्या मुलांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक नको हाही नियम आहे. पहिल्या कॅम्पच्या आधी नवीन पालकांना हे कोणीतरी शांतपणे सांगावं लागतं, आणि मराठी आईला मराठीतून दुसऱ्या मराठी आईने सांगितलं तर अर्ध्या मिनिटात काम होतं. हे सुद्धा कमिटीचंच काम.

मुलींचे ट्रूप फेब्रुवारी २०१९ पासून आहेत (गर्ल स्काऊट्स ही वेगळी संस्था, तिच्याशी गल्लत करू नका). मुली असतील तिथे निदान २१ वर्षांची एक रजिस्टर्ड बाई असावीच लागते. त्यामुळे मुलींच्या ट्रूपमध्ये आयांनी रजिस्टर करणं हे मदत वगैरे नाही, त्याशिवाय ट्रूप घराबाहेरच पडू शकत नाही. पाच-सहा आया रजिस्टर्ड असल्या की पाळ्या लावता येतात, एकाच बाईवर दर महिन्याचा वीकेंड पडला की ती वर्षभरात सोडते.

कुठलं काम घ्यायचं

चेअर, सेक्रेटरी, ट्रेझरर, ॲडव्हान्समेंट (मुलांच्या रँक आणि बॅजचं काम), आउटडोअर, मेंबरशिप, सामानसुमान, ट्रेनिंग अशी कामं असतात, छोट्या ट्रूपमध्ये एकाकडे दोन-तीन. पहिल्या वर्षी चेअर होऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. सेक्रेटरी सोपं आहे, मिनिट्स लिहायचे आणि वेळेत पाठवायचे. सामान बघणाऱ्याने लक्षात ठेवायचं की तंबू आणि स्टोव्ह मोजायचं काम मुलांमधल्या क्वार्टरमास्टरचं आहे, आपण फक्त त्याने मागितलेलं विकत आणायचं आणि गॅरेजमध्ये जागा द्यायची. मेंबरशिपवाला नवीन कुटुंबांना फोन करतो, फोनच करा, ईमेलला कोणी उत्तर देत नाही.

ट्रेझररबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण आपल्यातले निम्मे लोक हिशोबात चांगले म्हणून हेच काम गळ्यात पडतं.

बँक अकाउंट ट्रूपच्या नावाने हवं, तुमच्या नावाने काढलेलं आणि "ते ट्रूपचंच आहे" असं नको. चेकवर दोन सह्या ठेवा आणि त्या दोन सह्या नवराबायकोच्या नसाव्यात. दर मीटिंगला एका पानावर किती आले, किती गेले, किती उरले. बजेट उन्हाळ्यात करायचं, पण त्याआधी पीएलसीने वर्षाचं कॅलेंडर दिलेलं असलं पाहिजे, कारण मुलं कुठे जाणार हे कळल्याशिवाय आकडे कुठून आणणार. बरेच ट्रूप उलटं करतात, आधी पैसे ठरवतात आणि मुलांना सांगतात की यात बसेल तेवढं करा, मग मुलं दर वर्षी त्याच पार्कात जातात आणि चौदाव्या वर्षी कंटाळून फुटबॉलला जातात.

लहानपणी शाळेत स्काऊटमध्ये "खरी कमाई" केली असेल तर इथला फंडरेझिंगचा प्रकार ओळखीचा वाटेल, मुलांनी काम करून किंवा विकून पैसे कमवायचे. इथे ते बहुधा शरद ऋतूतलं पॉपकॉर्न, दुकानाबाहेर टेबल लावून, मग कार वॉश, वसंतात मल्च (बागेत पसरायचा लाकडाचा भुसा). काउन्सिलने (आपल्या भागातल्या सगळ्या ट्रूपची वरची संस्था) चालवलेली पॉपकॉर्नची विक्री सोडून दुसरं काही करायचं असेल तर काउन्सिलकडे मनी अर्निंग ॲप्लिकेशन आधी द्यावं लागतं, झाल्यावर नाही. आणि मुलांनी डबा फिरवून नुसती देणगी मागायची नाही, काहीतरी द्यायचं आणि मग पैसे घ्यायचे.

एक जुनी पद्धत अजून कुठे कुठे चालू असते, म्हणजे ज्या मुलाने जेवढं विकलं त्याच्या नावावर तेवढे पैसे टाकायचे आणि त्याच्या समर कॅम्पच्या फीमधून वजा करायचे. ऐकायला न्याय्य वाटतं, पण करमुक्त संस्थेच्या नावाने जमवलेला पैसा असा एकेका मुलाच्या खात्यावर गेला तर तो खासगी फायदा धरला जातो आणि आयआरएसच्या (इथल्या कर खात्याच्या) दृष्टीने भानगड होते. सगळा नफा ट्रूपच्या बजेटमध्ये जाऊ द्या आणि सगळ्यांचीच फी कमी करा. यावर पालक भांडतात, "माझ्या मुलाने दुकानाबाहेर थंडीत उभं राहून विकलं आणि त्याने काहीच नाही केलं." भांडू द्या, पण नियम बदलू नका.

आणि ज्या घराला पैसे जड जातात त्यांचं काय? ही गोष्ट ट्रेझरर, चेअर आणि स्काऊटमास्टर एवढ्यांतच राहिली पाहिजे. काउन्सिलकडे कॅम्पसाठी आर्थिक मदत असते, तिचा फॉर्म वेळेत भरायचा. नोकरी गेलेली असते, व्हिसाचं टेन्शन असतं, आपली माणसं स्वतःहून कधी सांगणार नाहीत, मूल फक्त "मला नाही यायचं कॅम्पला" म्हणतं. असं अचानक ऐकलं तर चेअरच्या कानावर घाला, ग्रुपवर नको.

बोर्ड ऑफ रिव्ह्यू म्हणजे व्हायवा नव्हे

टेंडरफूटपासून वरच्या प्रत्येक रँकला (पायरीला) मुलाला कमिटीसमोर बसावं लागतं, त्याला बोर्ड ऑफ रिव्ह्यू म्हणतात. पहिल्या स्काऊट रँकला नाही, पुढच्या सगळ्यांना, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि सगळ्यात वरची ईगल. बोर्डावर निदान ३ आणि जास्तीत जास्त ६ जण. लाइफपर्यंतच्या बोर्डावर कमिटीचेच लोक बसतात, स्काऊटमास्टर आणि असिस्टंट स्काऊटमास्टर बसत नाहीत, आणि स्वतःच्या मुलाच्या बोर्डावर आपण कधीच बसायचं नाही. ईगलला काउन्सिलच्या पद्धतीप्रमाणे बाहेरचेही लोक येतात.

इथे आपल्यातला एक्स्टर्नल एक्झामिनर जागा होतो. समोर अकरा वर्षांचं घाबरलेलं पोरगं आणि आपण म्हणतो "बरं, बोलाइनची गाठ बांधून दाखव." नाही! ते कौशल्य ज्याने तपासायचं त्याने तपासून सही केलेली आहे, बोर्डाने पुन्हा परीक्षा घ्यायची नाही असा स्पष्ट नियम आहे. तसंच यादीत आहे त्यापेक्षा जास्त मागायचं नाही आणि कमीही करायचं नाही, "आमच्या ट्रूपमध्ये लाइफसाठी अजून एक कॅम्प लागतो" असं काही नसतं.

मग विचारायचं काय? कुठल्या कॅम्पला मजा आली आणि कुठल्या कॅम्पला घरी जावंसं वाटलं. पॅट्रोल लीडर म्हणून कोणी ऐकेना तेव्हा काय केलंस. स्काऊट लॉमधला कुठला मुद्दा तुला सगळ्यात अवघड जातो. ट्रूपमध्ये एक गोष्ट बदलायची असेल तर कुठली. आणि मग गप्प बसायचं, उत्तर यायला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं बास. या गप्पांमधून मुलाबद्दल कळतं तेवढंच ट्रूपबद्दलही कळतं, तीन मुलं लागोपाठ म्हणाली की मीटिंग बोअर होतात तर ते स्काऊटमास्टरला सांगायचं काम बोर्डाचं. निर्णय एकमताने लागतो. नाही म्हणायची वेळ क्वचित येते, आली तर काय राहिलंय आणि पुढे काय करायचं हे मुलाला नीट सांगावं लागतं, नुसतं "नंतर ये" नाही.

ईगलचं थोडं वेगळं. २१ मेरिट बॅजेस (एकेका विषयात काम करून मिळणारे बॅज), लाइफ झाल्यावर सहा महिने जबाबदारीचं पद, सर्व्हिस प्रोजेक्ट, आणि हे सगळं १८ वा वाढदिवस व्हायच्या आत. बोर्ड वाढदिवसानंतर झाला तरी चालतो. प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी त्याच्या प्रपोजलवर ज्यांच्यासाठी काम करायचं ती संस्था, स्काऊटमास्टर, ट्रूप कमिटी आणि काउन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट (काउन्सिलचा एक विभाग) यांच्या सह्या हव्यात. कमिटीची सही आपल्या हातात आहे, तर ती अडवून ठेवू नका. मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा असतो, कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मध्येच अर्ध्या तासाचा कॉल घ्या आणि मोकळं करा त्याला.

प्रपोजल वाचताना बघायचं एकच, यात मुलगा लोकांना कामाला लावणार आहे की नाही. बेंच किती सुंदर होणार हे दुय्यम. आणि ते प्रपोजल बाबांनी लिहिलंय हे पहिल्या परिच्छेदात कळतं हो, "स्टेकहोल्डर अलाइनमेंट" असा शब्द सोळा वर्षांचं मूल लिहीत नाही. अशा वेळी कागद परत न पाठवता मुलाला बोलवा आणि तोंडी सांगायला लावा, काय करणार, कोण येणार, पाऊस आला तर काय. सांगता आलं तर प्रश्न मिटला. आपल्या समाजात ईगल म्हणजे कॉलेज ॲप्लिकेशनवरची ओळ झालीय, तेराव्या वर्षी ईगल करायची घाई चाललेली असते, आणि मग तेच मूल चौदाव्या वर्षी ट्रूप सोडतं, म्हणजे लहानांना शिकवायच्या वयाचं झाल्याझाल्या गायब. मला हे पटत नाही. कमिटीने घाई करणाऱ्या पालकांना थांबवता येत नाही, पण बॅजचा तक्ता भिंतीवर लावून शर्यत तरी लावू नये.

कॅम्पिंगच्या मागची बाजू

आउटडोअरवाल्याने पीएलसीने दिलेल्या तारखेप्रमाणे साइट बुक करायची, स्टेट पार्कचं बुकिंग कित्येक महिने आधी भरतं त्यामुळे कॅलेंडर लवकर मागा. ड्रायव्हर गोळा करा, परमिट काढा, जवळचं हॉस्पिटल कुठे ते एका कागदावर लिहून प्रत्येक गाडीत द्या.

हेल्थ फॉर्म हा वेगळाच विषय. ए आणि बी भाग सगळ्यांना, मोठ्यांनासुद्धा, दर वर्षी. ७२ तासांपेक्षा जास्त मुक्काम असेल, म्हणजे समर कॅम्प, तर सी भागही लागतो आणि त्यावर डॉक्टरची तपासणी आणि सही. मे महिन्यात डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, मार्चमध्येच पालकांच्या मागे लागा. आणि आता आयटीवाल्यांनी लक्ष द्या, हे फॉर्म स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवायचे नाहीत, ईमेलने मागवायचे नाहीत. कागदाची फाइल, एका माणसाकडे, कॅम्पला बरोबर, परत आल्यावर कुलपात. गुगल फॉर्म करायचा मोह होतो, मला माहितीये, पण दुसऱ्याच्या मुलाच्या औषधांची यादी तुमच्या ड्राइव्हवर असायचं काही कारण नाही.

जेवण. इथे आपण सगळे घसरतो. मेन्यू पॅट्रोल ठरवतं, बजेट पॅट्रोलला दिलेलं असतं, एक मुलगा घरच्या मोठ्यांबरोबर जाऊन सामान आणतो आणि शिजवतात तेच. सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लासमध्ये स्वयंपाक हा रिक्वायरमेंटचा भाग आहे. त्यामुळे "पोरं काय खाणार बिचारी" म्हणून मोठ्या पातेल्यात पुलाव घेऊन जायचा नाही, तुमच्या प्रेमापायी सहा मुलांच्या सह्या राहतात. मूल शाकाहारी असेल किंवा बीफ खात नसेल तर ते त्याने स्वतः पॅट्रोलमध्ये मेन्यू ठरताना सांगायला शिकायचं, सुरुवातीला घरी प्रॅक्टिस करून घ्या. पॅट्रोल लीडर बहुतेक वेळा समजून घेतो, वेगळा तवा ठेवतात, चीज केसाडिया करतात. ॲलर्जी असेल तर मात्र मुलावर सोडायचं नाही, ते फॉर्मवर लिहायचं आणि स्काऊटमास्टरला तोंडीही सांगायचं. मोठ्यांचं जेवण वेगळं शिजतं, तिथे तुमचे कांदेपोहे, थालीपीठं सगळं न्या, अमेरिकन बाबा लोक रांग लावतात.

तारखांचं पण असंच. दिवाळीच्या वीकेंडला कॅम्प ठरला की आपल्या ग्रुपवर चिडचिड सुरू होते, पण पीएलसीतल्या मुलांना दिवाळी या वर्षी कधी हे कळणार कसं. वार्षिक प्लॅनिंगच्या आधी कमिटीने शाळेच्या सुट्ट्या, परीक्षा, गणपती, दिवाळी, ईद, यहुदी सण या सगळ्यांच्या तारखांचं एक पान पीएलसीच्या हातात द्यायचं. निर्णय त्यांचा, माहिती आपली.

व्हॉट्सॲप आणि भांडणं

कमिटीतले चार जण मराठी असले की एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप निघतोच. राइड ठरवायला ठीक आहे. पण समर कॅम्प कुठला, नवीन असिस्टंट कोण असावा अशा चर्चा तिथे होऊन मीटिंगला आपण सगळे एकाच सुरात बोलायला लागलो की बाकीच्या पालकांना ते लगेच कळतं आणि मग ट्रूपचे दोन भाग पडतात. जे मीटिंगमध्ये बोलायचं ते मीटिंगमध्येच बोला, इंग्रजी मोडकं असलं तरी. मुलांना घेऊन असा खासगी ग्रुप तर काढूच नका.

मीटिंग महिन्यातून एक, तासाभराची, अजेंडा आधी. ट्रेझरर, ॲडव्हान्समेंट, पुढचे दोन कॅम्प, स्काऊटमास्टरला काय हवंय, संपलं. चेअरला मीटिंग आवरता आली पाहिजे, नाहीतर पॉपकॉर्नच्या फ्लेवरवर पाऊण तास जातो.

स्काऊटमास्टरबद्दल तक्रार असेल तर पार्किंग लॉटमध्ये चार जणांत नको, थेट चेअरकडे. स्काऊटमास्टर शोधायचं काम कमिटीचं आणि मान्यता चार्टर्ड ऑर्गनायझेशनची, बदलायची वेळ आली तरी त्यांच्याशिवाय काही होत नाही. मुलांच्या सुरक्षेची शंका असेल तर मात्र चेअर, मीटिंग वगैरे काही बघायचं नाही, ट्रेनिंगमध्ये सांगितलेल्या पद्धतीने लगेच रिपोर्ट करायचं, मुलाला धोका असेल तर आधी ९११.

देवाधर्माचं एक जाता जाता. आपल्या मुलांसाठी हिंदू रिलिजस एम्ब्लेम (धर्माबद्दल शिकून मिळणारे अवॉर्ड) आहेत, कबना धर्म अवॉर्ड आणि ट्रूपमधल्या मुलांना कर्म अवॉर्ड. बऱ्याच ट्रूपना माहीतच नसतं. हे अवॉर्ड स्काऊटिंग देत नाही, त्या त्या धर्माच्या संस्था देतात, त्यामुळे कमिटीतल्या कोणीतरी चौकशी करून मुलांना माहिती दिली तर होतं.

निघताना

मूल १८ चं झालं की ते जातं आणि त्याच्या मागोमाग आईबाबाही जातात, हे दर ट्रूपमध्ये होतं आणि दर वेळी सगळे आश्चर्यचकित होतात. प्रत्येक कामाला एक जोडीदार घ्या, शक्यतो ज्याचं मूल सहावीत आहे असा, आणि शेवटचं वर्ष त्याला बरोबर घेऊन काम करा. वर्षातून एकदा रिचार्टर (ट्रूपच्या नोंदणीचं नूतनीकरण) होतं तेव्हाच कोण राहतंय कोण जातंय हे विचारून घ्या. ट्रेझरर असाल तर बँकेतली सही बदलायला दोघांनी मिळून जावं लागतं आणि त्याला मिनिट्समध्ये ठराव लागू शकतो, ते आधी बँकेला विचारा. हेल्थ फॉर्मची फाइल नवीन माणसाच्या हातात द्या, ट्रूप सोडून गेलेल्या मुलांचे फॉर्म त्यांच्या घरी परत करा किंवा श्रेडरमध्ये घाला, गॅरेजमधले ट्रूपचे तंबू क्वार्टरमास्टरला मोजायला लावून हलवा, आणि ईमेल अकाउंटचा पासवर्ड तुमच्या बायकोच्या वाढदिवसाचा असेल तर तो बदलून मगच द्या.